रिकामी उडते, भरली की डुलते: पिकअपचं सस्पेन्शन सुधारायचं तर कुठून सुरुवात करायची

नारायणगावातून टोमॅटो भरायचा, वाशीला टाकायचा आणि रिकामं माघारी यायचं, हे हंगामात माझ्या पिकअपचं रोजचं काम. गाडी २०१६ची, पुढे-मागे दोन्हीकडे पाट्यांची, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगची. भरलेली असली की वळणावर डुलायची, म्हणून एका गॅरेजमध्ये मागच्या दोन्ही अंगांना दोन-दोन पाटे वाढवून घेतले. डुलणं जरा कमी झालं, मी खूश. मग पहिला पाऊस लागला. माळशेज घाट चढताना एका ओल्या वळणावर रिकाम्या गाडीचं मागचं अंग हातभर बाहेर सरकलं. कठड्याला लागलं नाही एवढंच.

दुसऱ्या दिवशी आळेफाट्याजवळच्या एका जुन्या पाटेवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीखाली वाकूनही पाहिलं नाही, आधी विचारलं, "क्रेट किती भरता?"

"पंचावन्न."

"आणि माघारी?"

"माघारी रिकामाच की, काका."

"मग निम्मा रस्ता गाडी कुणासाठी कडक केली?"

तिथून पुढे वर्षभरात त्या गाडीच्या सस्पेन्शनचं सगळं काम मी टप्प्याटप्प्याने करून घेतलं, काही स्वतः केलं. ते ज्या क्रमाने करायला हवं होतं, त्या क्रमाने इथे लिहितोय. मी स्वतः उलट्या क्रमाने केलं आणि दोनदा पैसे घातले. पाटे वाढवणं हे या कामात सगळ्यात शेवटी येतं. बहुतेक गाड्यांना तिथवर जावंही लागत नाही.

गाडी नेमकं काय करते ते आधी ठरवा

"सस्पेन्शन खराब आहे" असं सांगून गॅरेजमध्ये गेलात तर मिस्त्री त्याच्याकडे जे असेल ते बसवून देणार. तक्रार नेमकी सांगता आली पाहिजे. गतिरोधकावरून गेल्यावर गाडी एकदा खाली-वर होऊन थांबण्याऐवजी तीन-चार हेलकावे खात असेल तर शॉकअप गेलेत. वळणावर एका अंगाला कलत असेल तर स्टॅबिलायझर (कलणं रोखणारा आडवा रॉड), त्याच्या लिंका किंवा माल रचण्याची उंची पाहायची. सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग सारखं सावरावं लागत असेल तर बुश (सांध्यातलं रबरी किंवा धातूचं अस्तर), टायरॉडचे एंड, किंगपिन किंवा बॉलजॉइंट हे पुढच्या चाकांचे सांधे आणि अलाइनमेंट. खड्ड्यात मागून "ठक" असा कोरडा आवाज येत असेल तर शॅकलचा (पाट्याचं मागचं टोक चेसीला जोडणारी हलती कडी) किंवा शॉकअपचा बुश. आणि रिकामी गाडी दगडासारखी आपटत असेल तर टायरात हवा जास्त आहे, नाहीतर पाटे गरजेपेक्षा कडक आहेत.

यातल्या दोन-तीन गोष्टी एकदम असतात, आणि एक दुसरीला झाकते. माझ्या गाडीत मागचे शॉकअप पूर्ण मेले होते. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण वाढवलेल्या पाट्यांनी गाडी हलायचीच बंद केली होती.

भुईकाटा आणि टेप

हे काम फुकटात जमा होईल इतकं स्वस्त आहे आणि तरी कुणी करत नाही. भुईकाट्यावर गाडीचं तीनदा वजन घ्या: पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. हे रिकाम्या गाडीचं आणि नेहमीइतक्या भरलेल्या गाडीचं, दोन्ही. काटेवाला कुरकुर करेल, त्याला चहा पाजा.

माझ्या पावत्या अशा होत्या. रिकामी, मी आत बसून: पुढे ९८०, मागे ७८० किलो. पंचावन्न क्रेट, दोर, ताडपत्री धरून: पुढे १,१००, मागे १,९३०. म्हणजे साडेबाराशे किलोच्या आसपास भरलेल्या मालातला पुढच्या एक्सलवर गेला जेमतेम १२० किलो, बाकी सगळा मागच्या पाट्यांवर. मागच्या एक्सलवरचं वजन रिकाम्याच्या अडीचपट होतं. रिकामी आणि भरलेली, दोन्ही टोकांना एकच पाट्यांचा जुडगा नीट वागायला हवा, ही पिकअपची खरी अडचण. कारच्या सस्पेन्शनचे नियम इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

मग टेप घ्या. सपाट जागेवर, चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या किंवा हौद्याच्या काठापर्यंत अंतर मोजा. तेही रिकामी आणि भरलेली. एक्सलपासून बंपस्टॉपच्या रबरापर्यंतचं अंतरही लिहा; पाटे पूर्ण दबले की एक्सल ज्याला टेकतो ते हे रबर. डाव्या-उजव्या बाजूत बोटभराच्या वर फरक असेल तर एका बाजूचे पाटे बसलेत किंवा त्यातला एखादा तुटलाय. शेवटी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. स्टेअरिंग सरळ असताना ते सारखं यायला हवं. नसेल तर एक्सल सरकलाय, आणि गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी तिरकी चालतेय. याचं कारण बहुतेक वेळा तुटलेला सेंटर बोल्ट, म्हणजे पाट्यांचा जुडगा मधोमध धरणारा बोल्ट असतो, त्यावर पुढे येतोच.

हे आकडे वहीत लिहून ठेवा. काम झाल्यावर फरक पडला की नाही हे वहीतले आकडे सांगतील. नवा खर्च केला की गाडी आपल्याला चांगलीच वाटते.

टायरचं गणित

मागच्या एक्सलवर १,९३० किलो, म्हणजे एका टायरवर ९६५. टायरच्या अंगावर मापानंतर एक आकडा असतो, तो भार निर्देशांक. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०६ म्हणजे ९५०, १०७ म्हणजे ९७५. माझ्या मागच्या टायरवर होता १०६. मधे कधीतरी पंक्चरवाल्याने "सेम साइज आहे" म्हणून बसवलेले टायर. माप सेम होतं, ताकद नव्हती. बाजूच्या भिंती मऊ असलेला टायर भरल्या गाडीखाली वळणावर आडवा झुकतो, आणि आपण पाट्यांना दोष देतो.

हवेचा आकडा दाराच्या खांबावर किंवा मॅन्युअलमध्ये असतो, रिकाम्याचा वेगळा, भरलेल्याचा वेगळा. आपण भरलेल्याचीच हवा बारा महिने ठेवतो. निदान ज्या दिवशी भाडं नाही आणि गाडी घरच्या कामाला फिरतेय, त्या दिवशी तरी मागची हवा उतरवा. पावसात रिकामी गाडी घसरण्याचं निम्मं कारण तिथेच असतं.

बुश, शॅकल आणि ग्रीस

आता गाडीखाली जायचं. जमीन सपाट हवी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावा, हँडब्रेक ओढा, मागची चेसी उचला आणि चेसीखाली घोड्या ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका. हे वाक्य सगळेच लिहितात. मी लिहितोय कारण माझ्यासमोर जॅक घसरलेला आहे.

पाट्याच्या पुढच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल वळवलेल्या कड्यात, एक बुश असतो, मागच्या डोळ्यात आणि शॅकलच्या वरच्या टोकाला एकेक. डोळा आणि चेसीवरचा हँगर यांच्या फटीत टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलवा. रबर थोडं दबलं तर ठीक. पिन बुशात खुळखुळत असेल, रबर एका बाजूने संपून डोळ्याचं लोखंड पिनेला लागलं असेल, तर बदला. पितळी किंवा लोखंडी बुश असलेल्या गाड्यांना ग्रीसचे निप्पल असतात. ते मातीने बुजलेले असतात आणि सर्व्हिसिंगमध्ये पोरं वरून कपडा मारून पुढे जातात. निप्पल साफ करून नवं ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत मारा. येत नसेल तर पिन काढून ग्रीसची वाट मोकळी करा.

पॉलियुरेथेनचे बुश हल्ली सर्रास मिळतात. टिकतात, गाडी जरा नेमकी वळते. पण रस्त्याचा प्रत्येक खडा केबिनमध्ये कळतो आणि त्यांना ठरावीक दिवसांनी त्यांचंच ग्रीस लावावं लागतं, नाहीतर चिमण्यांसारखे चिवचिवतात. मालाच्या गाडीला मी कंपनीचे रबरीच बसवले.

रबरी बुशाबाबत एक गोष्ट निम्मे मिस्त्री चुकवतात. त्याचा बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचा नाही. हाताने बसवून ठेवायचा, गाडी चाकांवर उभी करायची, आणि तेव्हा आवळायचा. हवेत आवळला तर गाडी खाली आल्या क्षणापासून रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि थोड्या महिन्यांत फाटतं. शॉकअपच्या रबरी बुशालाही हेच.

इथवर आलात तर पुढच्या बाजूचे टायरॉड एंड, ड्रॅग लिंक, किंगपिन किंवा बॉलजॉइंट आणि बेअरिंगचा प्लेही बघून घ्या. चाक वर-खाली धरून हलवा, मग आडवं धरून हलवा. इतकं सगळं करून झाल्यावर माझ्या गाडीचं घाटातलं भरकटणं जवळजवळ संपलं होतं. सस्पेन्शनमध्ये अजून एक रुपयाचंही नवं "अपग्रेड" बसलं नव्हतं.

शॉकअप

पाटा गाडीला उचलून धरतो, शॉकअप तिची हालचाल थांबवतो. ही दोन वेगळी कामं. पाटे कडक केले की ते दाबले गेल्यावर जास्त जोराने उसळतात, मग ती उसळी जिरवायला शॉकअपही तसाच हवा. पाटे वाढवून जुनेच शॉकअप ठेवले की काय होतं ते माळशेजमध्ये पाहिलं.

बोनेट दाबून सोडायची चाचणी कारला ठीक आहे. पाट्यांच्या गाडीत पाटे एकमेकांवर घासूनच हालचाल बरीच रोखतात, त्यामुळे मेलेला शॉकअपही पास होतो. त्यापेक्षा असं करा. खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा, उतरा आणि चारही शॉकअपच्या नळीला जपून हात लावा. काम करणारा कोमट किंवा गरम असतो, मेलेला थंड. शंका असेल तर खालचा बोल्ट काढून हाताने ओढून-ढकलून बघा. चांगला शॉकअप ओढताना सलग जड लागतो. मधेच रिकामा झटका लागला किंवा दांड्याजवळ तेल ओघळून माती चिकटलेली दिसली तर तो गेला. बदलायचे ते जोडीने.

नवे घेताना तीन मापं पाहा: पूर्ण ताणलेली लांबी, पूर्ण दाबलेली लांबी, आणि दोन्ही टोकांची बसण्याची पद्धत, म्हणजे डोळा की खिळा. शॉकअप दबून संपण्याच्या आधी बंपस्टॉप लागला पाहिजे. नाहीतर प्रत्येक मोठ्या खड्ड्यात शॉकअपच्या आतल्या व्हॉल्व्हवर एक्सलचा हातोडा बसतो. साधा तेलाचा घ्यावा की गॅसचा? लांब उतारावर किंवा सतत खराब रस्त्यावर तेल तापून त्यात फेस होतो आणि शॉकअप ढिला पडतो. नायट्रोजन भरलेल्यात फेस कमी होतो. माझं मत, मागे गॅसचे घ्या, पुढे कंपनीचे चालतात. चाकणला गॅब्रिएलचा कारखानाच असल्याने आपल्या पट्ट्यात त्यांचे सहज मिळतात. पण नक्षत्र-ग्रह बघितल्यासारखं ब्रँडवर अडू नका, मापं जुळणं जास्त महत्त्वाचं.

बसवण्याआधी एक काम. साधा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, त्याच्या आत हवा भलत्या कप्प्यात गेलेली असते. गाडीत बसेल तसा उभा धरून चार-पाचदा पूर्ण ताणा आणि दाबा. मधला रिकामा झटका गेला की बसवा. हे न केल्यामुळे "नवा शॉकअप खराब निघाला" म्हणून परत आणणारे मी पाहिलेत.

पाटे

आता मूळ मुद्दा. पाट्याचा कडकपणा संख्येने वाढतो, पण जाडीने फार झपाट्याने वाढतो. एकाच जाडीचे सात पाटे आहेत, त्यात तसेच दोन पूर्ण लांबीचे वाढवले, तर कडकपणा साधारण सातास नऊ, म्हणजे सव्वापटीहून थोडा जास्त. पण ७ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरचा पाटा टाकला, तर त्या पाट्याचा कडकपणा जवळपास दीडपट होतो, कारण इथे जाडीचा घन चालतो. म्हणून "थोडासा जाड टाकतो, काही फरक पडत नाही" म्हणणाऱ्या पाटेवाल्यापासून जपून.

टेपने घेतलेले आकडे आता बाहेर काढा. भरलेल्या गाडीत एक्सल आणि बंपस्टॉपमध्ये तीन-चार बोटं जागा उरत असेल, तर पाट्यांना हात लावू नका. उरत नसेल तर आधी बघा की पाटे दमलेत का. रिकाम्या गाडीचे पाटे सपाट किंवा उलटे वाकलेले दिसतात का? तसं असेल तर उपाय आहे कंपनीच्या मापाचा नवा जुडगा. दमलेल्या जुडग्यात एक नवा पाटा घुसवला तर सगळा भार तो एकटा उचलतो आणि तोच आधी तुटतो.

जुन्या पाट्यांना पुन्हा कमान मारून घेणं हा गावाकडचा स्वस्त उपाय. थंड पाट्यावर हातोडीने मारलेली कमान काही महिने टिकते आणि उतरते. भट्टीत तापवून, तेलात विझवून, परत पाणी उतरवून केलेलं काम टिकतं, पण तेवढी भट्टी आणि तेवढा धीर थोड्यांकडे उरलाय. गॅसकटरने मधेच लाल करून वाकवणारा दिसला तर गाडी तशीच वळवून निघून या. त्या जागी पोलादाचं पाणी गेलेलं असतं आणि पाटा तिथेच तुटतो. पाट्याला वेल्डिंग तर कधीच नाही.

ज्याला निम्मा प्रवास रिकामा आणि निम्मा भरलेला करायचाय, त्याच्यासाठी हेल्पर पाटा. हा मुख्य जुडग्यात सुरुवातीपासून काम करत नाही. काही गाड्यांत तो वर वेगळा बसतो आणि चेसीवरच्या ठोकळ्यांना टेकतो, काहींत जुडग्याच्या तळाला जवळजवळ सपाट असतो. माल भरून मुख्य पाटे दबले की मगच तो टेकतो. रिकामी गाडी मऊ, भरलेली कडक. मी वाढवलेले दोन्ही पाटे काढून मुख्य जुडगा कंपनीचा केला आणि हेल्परची उंची अशी लावून घेतली की पंचवीसेक क्रेट भरले की तो टेकायला लागतो. पूर्ण गाडीतलं मला सगळ्यात आवडलेलं काम हे.

काढण्या-बसवण्याचा क्रम सांगतो. आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. चेसी घोड्यांवर, चाक काढलेलं, आणि एक्सलखाली दुसरा जॅक नुसता टेकवलेला. शॉकअपचं खालचं टोक सोडा. हँडब्रेकची केबल, ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना हे बघा, एक्सल त्या पाइपवर लोंबकळू देऊ नका. मग जुडगा एक्सलला जखडणाऱ्या यू-बोल्टचे नट, खालची प्लेट. जॅक थोडा वर-खाली करून पाट्यावरचा ताण पूर्ण काढा, आधी शॅकल सोडा, मग पुढचा डोळा. जुडगा एकट्याने उचलायचा नाही, तो दिसतो त्यापेक्षा जड असतो.

जुडगा सोडताना सेंटर बोल्ट काढण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना जाड सी-क्लँप आवळा. पाटे वेगवेगळ्या कमानीचे असतात आणि एकमेकांना दाबून धरलेले असतात. बोल्ट सुटताच ते उघडतात, आणि त्या वेळी समोर बोट असलं तर जातं. क्लँप सावकाश सैल करा. तारेच्या ब्रशने घासून प्रत्येक पाटा उन्हात आडवा धरून पाहा. चीर बहुधा मधल्या भोकाजवळ किंवा खालच्या पाट्याचं टोक जिथे घासतं तिथे असते. पाटे परत रचताना टोकांना ग्रॅफाइटचं ग्रीस पातळ लावा. साधं ग्रीस थापलं तर त्यात माती बसून त्याचा कानशीसारखा दगड होतो.

सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट दरवेळी नवे. यू-बोल्ट आवळताना ताणला जातो, एकदा ताणलेला परत तेवढी पकड देत नाही. पैसे वाचवायची जागा ही नाही. बसवताना सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या भोकात नीट बसलंय का, हे वाकून बघा, हाताने चाचपा. ते बाहेर राहून यू-बोल्ट आवळले गेले की एक्सल पुढे-मागे सरकतो आणि गाडी खेकडा होते. चारही नट फुलीच्या क्रमाने थोडे-थोडे आवळत न्या, एका बाजूचा पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही. शेवटचा जोर टॉर्क पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत.

इसुझू डी-मॅक्स, टोयोटा हायलक्ससारख्या पिकअपमध्ये मागे पाटेच असतात, त्यामुळे मागचं सगळं असंच. पुढे मात्र डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग. दाबलेली कॉइल सुटली तर जीव जातो. ते काम घरी करू नका, कॉइल दाबून धरणारा योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजातच करून घ्या.

ब्रेकचा विसरलेला व्हॉल्व्ह

मागची उंची किंवा कडकपणा बदलला की हे बघितलंच पाहिजे. पुष्कळ पिकअपना चेसी आणि मागच्या एक्सलच्या मधे एक दांडी किंवा स्प्रिंग असलेला व्हॉल्व्ह असतो. मिस्त्री त्याला एलएसपीव्ही म्हणतात. मागचं अंग खाली बसलंय म्हणजे माल आहे, मागच्या चाकांना जास्त ब्रेक द्या. वर उचललंय म्हणजे रिकामी, ब्रेक कमी द्या, नाहीतर चाकं लॉक होतील. हा त्याचा हिशेब. पाटे वाढवून भरलेली गाडीसुद्धा वरच उभी राहायला लागली, तर या व्हॉल्व्हला ती निम्मीच भरलेली वाटते. मागचे ब्रेक कमी लागतात, पुढचे एकटे राबतात, तापतात. उतारावर भरलेली गाडी थांबायला जास्त रस्ता खाते, आणि मालक ब्रेक शूज बदलत बसतो.

पाट्यांचं काम झालं की या दांडीचं माप मॅन्युअलप्रमाणे परत लावून घ्या. काही गॅरेजवाले ती दांडी तारेने वर बांधून टाकतात, "कटकट नको" म्हणून. तुमच्या गाडीत तसं असेल तर आजच सोडवा. हेडलाइटचा झोतही तपासा, मागची उंची बदलली की तो वर किंवा खाली जातो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात

स्टॅबिलायझर रॉड असेल तर आधी त्याच्या लिंका आणि रबरं बदला, वळणातला कल तेवढ्यानेही चांगला कमी होतो. मागे नवा जाड रॉड बसवायचा मोह होतो. तो भरलेल्या गाडीला छान वाटतो, पण रिकाम्या गाडीचं मागचं अंग ओल्या रस्त्यावर आणखी लवकर सुटतं. सस्पेन्शनच्या एअर बॅग, म्हणजे हवा भरून पाट्यांना आधार देणाऱ्या रबरी पिशव्या, ज्यांचा माल रोज बदलतो त्यांना सोयीच्या, पण रिकाम्या गाडीतही त्यात थोडी हवा ठेवावी लागते, नाहीतर रबर घडी पडून फाटतं. आणि लांब शॅकल, ठोकळे लावून गाडी उंच करणं? मालाच्या गाडीला नको. गुरुत्वमध्य वर जातो, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, डुलणं वाढतं. पुढच्या एक्सलखाली ठोकळे तर अजिबातच नको.

माल कसा रचता हाही सस्पेन्शनचाच भाग आहे. मी पूर्वी क्रेट मागच्या दाराकडून रचायचो, उतरवायला सोपे म्हणून. आता केबिनच्या भिंतीला टेकवून सुरुवात करतो, थर एकाने कमी ठेवतो आणि शेवटी मागे जागा सोडतो. घाटात फरक लगेच कळला.

कागद

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या, उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठामपणे सांगितलं. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा नवा भाग, यात अडचण नसते. उंची वाढवणं, एक्सल बदलणं यात असते. पाटे कितीही वाढवले तरी आरसीवरची भारक्षमता तेवढीच राहते. जादा मालाला कलम १९४ खाली २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड. व्यावसायिक गाडीचं फिटनेस पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होतं, तिथे खालचं सगळं दिसतं. नव्या भागांची बिलं जपून ठेवा.

रस्त्यावर

सगळं झाल्यावर आधी अलाइनमेंट करून घ्या, बुश-पाट्यांच्या कामानंतर ती हलतेच. मग चाचणी. पहिल्यांदा रिकामी, मोकळ्या जागेवर, ताशी तीसने जोरात ब्रेक: सरळ थांबते का, ओढते का. मग ओळखीच्या वळणाच्या रस्त्याने. मग पाव माल, निम्मा माल, पूर्ण माल, त्याच रस्त्याने, त्याच वेगाने. प्रत्येक टप्प्याला टेप लावा आणि वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी नवे लिहा. माझ्या गाडीचं मागचं अंग आता भरल्यावर पूर्वीपेक्षा जास्त बसतं, आणि तरी कमी डुलतं. हे मला दोनदा मोजूनही खरं वाटेना.

शंभर किलोमीटरच्या आत यू-बोल्टचे नट परत आवळायचे. नवे पाटे एकमेकांवर बसतात, रंग-गंज चेपतो, आणि नट ढिले होतात. मग पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा, माल भरलेला असताना. मी पहिल्या खेपेला ओतूरच्या पुढे एका पेट्रोल पंपावर गाडी बाजूला घेतली आणि पाना लावला. चारपैकी तीन नट पाव-पाव फेरा फिरले, चौथा अर्धा.